पोतं डिकीत, चाक चिखलात

पुण्यात नवी गाडी घेतली की दोन गोष्टी ठरलेल्या. पहिल्या आठवड्यात सारसबागेतल्या तळ्यातल्या गणपतीपुढे नारळ फुटतो आणि पहिल्या पावसाळ्यात गाडी कुठेतरी रुतते. नारळ कसा फोडायचा हे घरातलं कुणीही सांगतं. रुतलेल्या गाडीपुढे मात्र सगळेच जण एकदम सल्लागार होतात, आणि त्यातले निम्मे सल्ले गाडी आणखी खोल घालणारे असतात.

माझी पहिली गाडी म्हणजे एक जुनी हॅचबॅक. ती पहिल्यांदा रुतली वेल्ह्याकडे, मामांच्या वाडीवरून निघताना. जुलै महिना, घरापासून डांबरीपर्यंत दोनेकशे मीटर मुरमाचा चढ. डिकीत इंद्रायणी तांदळाची पन्नास-पन्नास किलोची दोन पोती, त्यावर फणस, मागच्या सीटवर आई आणि मावशी. चढ अर्धा झाला आणि पुढची चाकं जागेवर फिरायला लागली. मी आणखी रेस दिली. मामा छत्री टाकून धावत आले. "अगं, विहीर खणतीयेस का गाडी काढतीयेस? आधी पाय काढ!" मग त्यांनी दोघींना उतरवलं, पोती बाहेर काढायला लावली, आणि तीच गाडी, तोच चिखल, तोच चढ, सेकंड गिअरमध्ये मुकाट्याने वर गेली.

मी तेव्हा चिखलाला दोष दिला होता. खरी गडबड डिकीत होती. बहुतेक छोट्या गाड्यांना पुढची चाकं ओढतात. पोती ठेवलेली मागच्या चाकांच्याही मागे. तराजूचं एक पारडं खाली गेलं की दुसरं उचलणारच; ओढणारी चाकंच हलकी झाली, वर चढ, मग पकड कुठून येणार? म्हणून सामान कसं भरायचं आणि रुतलेली गाडी कशी काढायची, हे दोन्ही मी इथे एकत्रच सांगते आहे. दोन्हीकडे विचारायचा प्रश्न एकच: वजन आत्ता कुठल्या चाकावर आहे?

किती भरायचं

डिकीत जागा आहे म्हणजे गाडीची तेवढी ताकद आहे, असं नसतं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये दोन आकडे शोधा: गाडीचं रिकामं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल एकूण वजन. दुसऱ्यातून पहिला वजा केला की उरतं ते माणसं आणि सामान मिळून.

समजा, पेट्रोल हॅचबॅकचं रिकामं वजन ८३० किलो आणि कमाल वजन १३४० किलो. उरले ५१०. पाच मोठी माणसं सरासरी ६५ किलोची धरली तर ३२५ गेले. सामानाला राहिले १८५. बरेच वाटतात. आता तीच गाडी सीएनजीवाली घ्या. टाकी आणि तिची जोडणी मिळून गाडी साधारण ८० ते १०० किलोंनी जड होते, पण कमाल वजन फारसं वाढत नाही. म्हणजे पाच माणसं बसल्यावर सामानाला शंभरेक किलोही धड राहत नाहीत, आणि टाकीचं ते वजन आधीच डिकीत, नको तिथे, बसलेलं असतं. पुण्यात आज सीएनजी गाड्या किती आहेत ते पंपावरच्या रांगा बघून कळतंच. या गाडीत पाच जण आणि दोन पोती बसत नाहीत. दार लागलं तरी बसत नाहीत.

घरातल्या वस्तूंच्या वजनाचा अंदाज आपल्याला नसतो, तो करून घ्या. भरलेला घरगुती गॅस सिलिंडर: आत १४.२ किलो गॅस आणि लोखंड धरून जवळपास ३० किलो. पाण्याचा मोठा जार: २० किलो. हापूसची पाच डझनी लाकडी पेटी: फळाच्या आकाराप्रमाणे १५ ते २० किलो. पुस्तकांचा मध्यम खोका तर फसवा असतो, २५ किलो सहज भरतो. (सिलिंडर गाडीत आणणं मुळात टाळाच. आणावाच लागला तर उभा, पक्का बांधून, काचा उघड्या ठेवून.)

टायरच्या बाजूला १६५/७० आर १४ ८१ टी असं काही लिहिलेलं दिसेल. त्यातला ८१ म्हणजे हवा पूर्ण असताना तो एक टायर ४६२ किलो पेलू शकतो. ७३ असेल तर ३६५ किलो. टायर बदलताना दुकानदार "हाच लावा, चालतो" म्हणाला तर हा आकडा जुन्यापेक्षा कमी नाही ना, एवढं बघून घ्या.

कुठे ठेवायचं

जड वस्तू खाली आणि पुढे. डिकीत "पुढे" म्हणजे मागच्या सीटच्या पाठीला अगदी टेकवून. पोतं, खोके, पाण्याचे कॅन आधी तिथे लावा, मग मधल्या जड वस्तू, मग कपड्यांच्या बॅगा, आणि दाराशी उशा-चादरी. आपण नेमकं उलटं करतो. आधी घरातून हलकं सामान खाली येतं, ते आत ढकललं जातं, आणि शेवटी दोघांनी मिळून उचललेलं पोतं डिकीच्या ओठावर बसतं. त्यामुळे पहिला नियम असा की सगळं सामान खाली येईपर्यंत गाडीत काहीच ठेवायचं नाही. पार्किंगमध्ये मांडा, बघा, मग भरा. सोसायटीतले काका येऊन "कुठे निघालात?" विचारतील, त्यांना एक बॅग धरायला द्या.

माणसं कमी असतील तर सर्वात जड नग मागच्या सीटच्या पायाशी, पुढच्या सीटच्या पाठीला लागून ठेवा. ती जागा पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये येते आणि खालीही असते. पण ड्रायव्हरच्या मागे ठेवलेली कुठलीही गोल वस्तू घरंगळत पेडलखाली येऊ शकते. बाटली, नारळ, कलिंगड. ब्रेकखाली नारळ अडकला तर ब्रेक लागत नाही, आणि हे घाटातच कळतं.

मागची सीट पाडून सामान नेत असाल तर एक काळजी. सीटची पाठ खटक्यात पक्की बसलेली असते तेव्हा ती तुमच्या आणि सामानामधली भिंत असते. ती पाडली की भिंत गेली. ताशी ५० च्या वेगात गाडी कशावर तरी आदळली तर मोकळी वस्तू आपल्या वजनाच्या साधारण वीसपट जोराने पुढे येते. दहा किलोचा मिक्सरचा खोका दोनशे किलोंसारखा पाठीत बसेल. म्हणून पाडलेल्या सीटवरचं सामान बांधायचंच. डिकीच्या तळाशी कोपऱ्यांत लोखंडी कड्या असतात, बऱ्याच जणांना त्या कित्येक वर्षं दिसत नाहीत. त्यांतून पट्टा ओवा. कड्या नसतील तर जड वस्तूंना मागच्या सीटबेल्टने आवळा. बेल्ट माणसासाठी केलेला असला तरी पिंप त्यात छान बसतं.

मागच्या काचेवर सामान चढू देऊ नका. काचेजवळचा तो फळीसारखा पत्रा टिफिन, छत्री आणि लहान मुलांचे बूट ठेवण्यासाठी नाही. जोरात ब्रेक मारला की तिथलं सगळं डोक्यावर येतं.

टपावर

शक्यतो नको. बस्स. छोट्या गाड्यांच्या टपाची मर्यादा बहुधा ५० किलोंच्या आसपास असते आणि त्यात कॅरिअरचं वजनही धरायचं असतं. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. टपावर ठेवायचं ते हलकं आणि मोठं: गादी, प्लास्टिकच्या खुर्च्या, सायकल. पोती, कपाट, पुस्तकं कधीच नाही. वर वजन गेलं की वळणावर गाडी कलंडायला बघते आणि पुलावरच्या वाऱ्यात हलते.

गादी हात खिडकीतून काढून धरत नेणारी मंडळी सिंहगड रोडवर अजूनही दिसतात. गादीखाली वारा शिरला की ती पंखासारखी उचलते. हाताचं काम नाही ते. दोन पट्टे आडवे, एक उभा, आणि पुढची कड खाली दाबलेली हवी. एक-दोन किलोमीटर गेल्यावर थांबून पट्टे पुन्हा आवळा, कारण सुरुवातीच्या धक्क्यांनी सामान बसतं आणि पट्टे ढिले पडतात. गाडीच्या अंगाबाहेर काहीही येऊ देऊ नका. बाहेर आलेल्या सामानासाठी मोटार वाहन कायद्यात दंड आहे आणि तो किरकोळ नाही. घर बदलताना फ्रिज, कपाट, वॉशिंग मशिन असेल तर छोटा टेम्पो करा. कोथरूडहून हिंजवडीला टेम्पोचं भाडं टपाला आलेल्या पोच्यापेक्षा स्वस्त पडतं. मी दोन्ही देऊन बघितलंय.

निघण्याआधी

ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर असतो. त्यावर हवेचे दोन प्रकारचे आकडे असतात, कमी माणसांसाठी आणि भरलेल्या गाडीसाठी. भरलेल्या गाडीत मागच्या चाकांची हवा बहुतेक वेळा जास्त सांगितलेली असते. पंपावरचा मुलगा विचारतो "तेहतीस?" आणि आपण मान हलवतो. त्याऐवजी स्टिकरचा फोटो फोनमध्ये ठेवा. हवा थंड टायरवर, म्हणजे दोन-तीन किलोमीटरच्या आत तपासा; लांबून तापून आलेला टायर तीन-चार आकडे जास्त दाखवतो.

मग गाडीपासून दहा पावलं लांब जाऊन बाजूने बघा. गाडी सरळ उभी आहे की मागे बसून नाक वर केलंय? मागे बसली असेल तर सामान पुन्हा लावा. नाक वर म्हणजे स्टिअरिंग हलकं, पुढची पकड कमी आणि हेडलाइट थेट समोरच्याच्या डोळ्यांत. स्टिअरिंगच्या उजव्या हाताला ० ते ३ किंवा असे आकडे असलेलं एक छोटं चाक बहुतेक गाड्यांत असतं. ते प्रकाशाचा झोत खाली करण्यासाठी आहे. आकडा वाढवला की झोत खाली येतो. पाच माणसं आणि डिकी भरलेली असेल तर ते फिरवा.

भरलेली गाडी उशिरा थांबते, याची जाणीव पहिल्या उतारावर होते. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा लांब उतार, खंबाटकी, ताम्हिणीत कोकणात उतरतानाची वळणं, इथे गाडी गिअरमध्येच ठेवा, तिसऱ्यात किंवा दुसऱ्यात. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे सहप्रवासी भेटतील. त्यांचं ऐकू नका. ब्रेक सतत दाबून तापले की ते पकडेनासे होतात.

डिकीत कायम असावं असं

नव्या गाडीवाल्यांना ऑनलाइन मोठमोठे रिकव्हरी किट विकले जातात. एवढं नको. बोहरी आळीत एका फेरीत सगळं मिळतं: छोटं फावडं, दोन गोणपाटं, पाच-सहा मीटरचा टोचनपट्टा, म्हणजे गाडी ओढायचा पट्टा (कापडी घ्या, तारेचा दोर नको), दोन शॅकल (पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या), जाड हातमोजे, एक-दीड फुटाची जाड फळी. गाडीच्या लायटरवर चालणारा हवेचा पंप नाना पेठेत किंवा कुठेही घ्या. टॉर्च घ्या, फोनचा नको. फोन त्या वेळी दुसऱ्या कामाला लागतो. गाडीसोबत आलेला लाल त्रिकोण, जॅक, पाना आणि टोचन हूक जागेवर आहेत का, ते आजच बघा. जुनी गाडी घेतली असेल तर आधी हूकच शोधा. माझ्या गाडीत तो नव्हता आणि हे मला चिखलात कळलं.

जमीन ओळखा

मावळ, मुळशी, वेल्हे, भोर या बाजूला लाल माती, मुरूम आणि भातखाचरं. मुरमाचा रस्ता वरून निसरडा असला तरी खाली घट्ट असतो, तिथे गाडी घसरते पण खोल जात नाही. खाचर उलट: चिखलणी झालेलं खाचर हिरवंगार, सपाट, पार्किंगसारखं दिसतं आणि चाक पोटापर्यंत घेतं. शिवाय ते कुणाचं तरी पीक असतं.

दौंड, बारामती, इंदापूरकडे काळी माती. ती पाणी पिऊन फुगते आणि टायरला थापत जाते. चार फेऱ्यांत टायरच्या खाचा भरून तो गुळगुळीत होतो. शेतकरी वापसा आल्याशिवाय, म्हणजे माती पुरेशी सुकल्याशिवाय, शेतात औत घालत नाही. तुम्हीही गाडी घालू नका. वरची माती सुकून भेगाळलेली दिसली तरी टाच दाबून बघा. टाच रुतली तर गाडीही रुतणार.

शहरातला धोका वेगळा, चारीचा. पाइप किंवा केबल टाकायला खोदतात, वर माती-खडी लोटतात, आणि पहिल्या मोठ्या पावसात ती खाली बसते. वरून डांबराचा तुकडा, खाली पोकळ. २० सप्टेंबर २०२४ ला बुधवार पेठेत महापालिकेचा अख्खा टँकर फरशीसकट जमिनीत गेला होता, त्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. आपल्याकडे सहसा एक चाक जातं. रस्त्याच्या कडेला नव्याने भरलेला लांबट पट्टा दिसला तर पावसाळ्यात त्यावर गाडी लावू नका. साइडपट्टीचंही तसंच, समोरून ट्रक आला म्हणून ओल्या साइडपट्टीवर पूर्ण उतरण्यापेक्षा थांबून त्याला जाऊ द्या.

रुतलीच तर

पहिलं काम: ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. चाक फिरतंय पण गाडी हलत नाही, हे कळल्यावर दिलेली प्रत्येक रेस चाकाखालची माती उपसते. तीन सेकंदांत गाडी चार इंच खाली जाते आणि पोट टेकतं. पोट टेकलं की वजन चाकांवरून पोटावर जातं, आणि मग चाकांना पकड मिळण्याचा प्रश्नच येत नाही.

हॅझर्ड लावा, हँडब्रेक ओढा, सगळ्यांना रस्त्यापासून लांब, सुरक्षित बाजूला उतरवा. वाहता रस्ता असेल तर त्रिकोण मागे ५० मीटरवर. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३, जिवाचा प्रश्न असेल तर ११२. द्रुतगती मार्गावर कडेला रुतलात तर स्वतः फावडं घेऊन बसू नका; कठड्यापलीकडे उभं राहून मदतीची वाट बघा.

आता गाडीभोवती एक फेरी. कुठलं चाक फिरत होतं? पोट टेकलंय का? सायलेन्सरचं तोंड चिखलात गेलंय का? गेलं असेल तर ते मोकळं होईपर्यंत इंजिन चालू ठेवून आत कुणी बसायचं नाही, विषारी धूर आत येतो. आणि आलात तो रस्ता घट्ट होता ना? तर बाहेर पडायची दिशा बहुतेक वेळा मागचीच. पुढे थोडंच राहिलंय, या आशेवर अनेक गाड्या ट्रॅक्टरपर्यंत पोचतात.

मग सामान उतरवा. पावसात, चिखलात, कंटाळा आला तरी. पुढची चाकं ओढणारी गाडी असेल तर डिकी रिकामी केली की पुढची पकड वाढते आणि गाडी दीडेकशे किलोंनी हलकी होते. बोलेरो, इनोव्हा क्रिस्टा, ईको अशा मागच्या चाकांवर ढकलल्या जाणाऱ्या गाड्यांत हिशेब उलटा. तिथे माणसं उतरवा, पण डिकीतलं जड सामान काढायची घाई करू नका. तेच वजन मागच्या चाकांना दाबून धरतं. आपली गाडी कुठल्या चाकांवर चालते हे मालकाला ठाऊक नसणं ही पुण्यात अगदी सर्रास आढळणारी गोष्ट आहे. आजच बघून ठेवा.

स्टिअरिंग सरळ करा. वळलेली चाकं चिखल नांगरतात. फावड्याने ओढणाऱ्या चाकांपुढची (किंवा मागे जायचं असेल तर मागची) माती काढून उतार करा, खड्ड्याची उभी भिंत ठेवू नका. पोटाखालची माती मोकळी करा. चाकाच्या तोंडाशी गोणपाट, वाळक्या फांद्या, खडी, मुरूम, काही नसेल तर गाडीतली रबरी मॅट घट्ट सारून द्या. अलगद ठेवलेली मॅट मागे उडून जाते, ती चाकाखाली दाबून घुसवावी लागते. त्या रेषेत पुढे-मागे कुणी उभं राहायचं नाही. चाकाखालून सुटलेला दगड गोफणीसारखा येतो.

चाक फारच खोल असेल, किंवा चारीत गेलं असेल, तर जॅक. चिखलात जॅक नुसता ठेवला तर गाडीऐवजी तोच खाली जातो, म्हणून ती फळी. बाकीच्या चाकांना दगड लावा, जॅक ठरलेल्या जागीच लावा, चाक उचललं की खालची पोकळी विटा, दगड, गोणपाटाने भरा. हात घालून नाही, फावड्याने सारून. गाडीखाली डोकंही घालायचं नाही. मग चाक खाली सोडा. चारीतून गाडी काढायला बहुतेक वेळा एवढंच पुरतं, ओढायची गरज पडत नाही.

हवा उतरवणं हा पुढचा उपाय. टायर थोडा पसरला की जमिनीवर जास्त टेकतो. चिखलात ३३ वरून २२-२५ पर्यंत आणा. टोकदार दगड असतील तर हे नको. आणि हवा भरेपर्यंत हळू, वळणं सावकाश, नाहीतर ट्यूबलेस टायर रिममधून सुटतो. पंप डिकीत असेल तरच हा उद्योग करा.

आता निघायचं. मॅन्युअल गाडीत सेकंड गिअर, क्लच हळू, रेस जेमतेम. हेतू चाक फिरवायचा नाही, गाडी सरकवायचा. घसरण्याच्या खुणेचं बटण (गाडीखाली नागमोडी रेघा असलेलं) असेल तर ते बंद करून बघा. चाक जरा घसरलं की ही यंत्रणा इंजिनचा जोर कापते आणि चिखलात तोच थोडा जोर लागतो. बाहेर आल्यावर पुन्हा चालू करा. गाडी थोडी हलून परत खड्ड्यात येत असेल तर झोपाळ्यासारखं करा: पुढे जितकी जाईल तितकी जाऊ द्या, थांबायच्या क्षणी क्लच दाबून मागे येऊ द्या, मागच्या टोकाला पुन्हा पुढे. चार-पाच झोक्यांत निघाली तर निघाली. करपल्याचा वास आला तर क्लच जळतोय, पंधरा-वीस मिनिटं चहा प्या. ऑटोमॅटिकमध्ये पुढे-मागे अशी घुसळण अजिबात करू नका.

ढकलणाऱ्यांना आधी जागा सांगा. मागच्या दोन्ही कोपऱ्यांशी, पत्रा घट्ट असतो तिथे हात. काचेवर, स्पॉइलरवर नाही. फिरणाऱ्या चाकाच्या थेट मागे कुणी नको. गाडी मागे काढायची असेल तर मागे कुणीच नको, सगळे पुढून ढकलतील. "एक, दोन, तीन" एकानेच म्हणायचं. आपल्याकडे चार जण चार वेळा तीन म्हणतात.

टोचन

वीस मिनिटांत निघाली नाही तर मान खाली घालून ट्रॅक्टर शोधा. वाडीत विचारा, पैसे आधी ठरवा, बांध मोडला असेल तर ते स्वतःहून सांगा.

दोर बांधायचा टोचन हुकालाच. बंपरच्या छोट्या झाकणामागे आटे असतात, त्यात हूक पूर्ण फिरवून पान्याच्या दांड्याने आवळा. काही गाड्यांत आटे उलटे असतात, जोर करण्याआधी बघा. बंपर, चाकाजवळचे दांडे, एक्सल यांना दोर बांधलात तर गाडीचा तेवढाच भाग ट्रॅक्टरबरोबर जाईल. दोराच्या मध्यावर ओलं गोणपाट टाका. दोर तुटला तर त्याचा फटका खाली बसतो. दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात कुणी उभं नको, फोनवर शूटिंग करणारा भाऊ तर आधी हटवा. तारेचा दोर किंवा साखळी तुटली तर माणूस जाऊ शकतो.

ट्रॅक्टरवाल्याला एकच सांगा: "दादा, हिसका नको, दोर ताणून मग हळू." ओढ सरळ रेषेत हवी. आत एकच माणूस, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक खाली आणि इंजिन चालू, कारण ते बंद असेल तर ब्रेक आणि स्टिअरिंग दगडासारखे होतात. इलेक्ट्रिक किंवा ऑटोमॅटिक गाडी चिखलातून काही फूट ओढण्याआधीही मॅन्युअल बघा, आणि रस्त्यावर चाकांवर ओढत नेऊच नका. तिला सपाट ट्रॉलीची गाडी लागते.

पाणी आणि वाळू

पाणी अर्ध्या चाकाच्या वर असेल तर गाडी घालायची नाही. वाहतं पाणी फूटभर असलं तरी छोटी गाडी तरंगायला लागते. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो, नदीपात्रातल्या रस्त्याची आणि पार्किंगचीही तीच गत होते, म्हणून पावसाळ्यात तिथे गाडी सोडून लक्ष्मी रोडवर खरेदीला जाऊ नका. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा चावी फिरवू नका. आत गेलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या विम्यात इंजिनचं हे नुकसान सहसा बसत नाही. ढकलून बाहेर काढा, गॅरेजला फोन करा.

कोकणात समुद्राच्या वाळूवर गाडी नेऊच नका. नेलीच आणि रुतली, तर घड्याळ बघा: ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास. वाळूत हवा १८-२० पर्यंत उतरवा, चाकांपुढची वाळू लांबवर काढा, आणि निघाल्यावर घट्ट जमीन येईपर्यंत थांबू नका. थांबायचंच झालं तर ब्रेक न मारता गाडी आपोआप थांबू द्या.

निघाल्यावर

हुरूप येतो आणि माणूस सुसाट निघतो. आधी हवा भरा. मग रिकाम्या रस्त्यावर हळू जाताना दोन-चार वेळा ब्रेक हलके दाबा म्हणजे सुकतील. गाडीखाली बघा: काही लोंबतंय का, तेल गळतंय का, फांदी अडकलीय का. समुद्राचं पाणी लागलं असेल तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा.

महामार्गावर ७०-८० ला स्टिअरिंग थरथरायला लागलं तर घाबरून अलाइनमेंटवाल्याकडे धावू नका. रिमच्या आतल्या बाजूला चिखल वाळून बसलेला असतो आणि चाकाचा तोल जातो. माझी गाडी वेल्ह्याहून येताना नसरापूरपासून थरथरत आली, मी सस्पेन्शन गेलं म्हणून रात्रभर झोपले नाही. सकाळी वॉशिंगवाल्याने आतून पाण्याचा फवारा मारला, प्रत्येक चाकातून ओंजळभर लाल माती पडली. चाळीस मिनिटांत काम झालं. पोती नंतर मामांनी एसटीने पाठवली.